पाठमोरा आरसा

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेची गोष्ट. माहेरी आलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी संध्याकाळी फराळाचा डबा घेऊन घरी आली. शाळेत असताना ही मुलगी चित्रकलेच्या तासाला मागच्या बाकावर बसे आणि माणूस काढला की त्याला डोळे काढायला हटकून विसरे. आता मुळा धरणाच्या कालव्याखाली तिच्या सासरची शेती आहे आणि पदरात दोन मुले आहेत. चहा झाला, चकलीचे कौतुक झाले, आणि मग जरा संकोचून ती म्हणाली, "सर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता, चित्रं शिकवता. माझं पण एक काम बघता का? मी व्लॉग करते. पण खरं खरं सांगायचं हं."

दहावी, म्हणजे जुन्या भाषेत मॅट्रिक, आणि वर चित्रकलेच्या परीक्षा, एवढ्या शिदोरीवर मी राहुरीत मास्तर झालो. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यामुळे कवितांच्या वह्या आणि कथांची बाडे अभिप्रायासाठी माझ्याकडे पुष्कळ येतात. मोबाइलमधली चित्रफीत परीक्षणाला येण्याची मात्र ही पहिलीच वेळ होती. टीकाकाराने नव्या साहित्यप्रकाराचे स्वागत करावे, असे आपण नेहमी म्हणतो. म्हणून चष्मा पुसून मी सरसावून बसलो.

व्लॉग म्हणजे काय, हे या अंकाच्या वाचकांपैकी नातवंडांना सांगायला नको, आजोबांसाठी सांगतो. ब्लॉग म्हणजे माणसाने जगापुढे उघडी ठेवलेली रोजनिशी. तीच रोजनिशी लिहिण्याऐवजी बोलून आणि दाखवून केली की तिचा व्लॉग होतो. गृहिणी पुरणपोळी दाखवते, वाहनचालक घाट दाखवतो, शेतकरी आपला वाफा दाखवतो. लेखक, नट, दिग्दर्शक आणि छायाचित्रकार ही चारही माणसे येथे एकच असतात. आणि तिची अडचण नेमकी येथेच होती.

"सर, पुढच्या कॅमेऱ्यानं काढलं तर मी मला दिसते, पण चित्र धुरकट येतं. मागच्या कॅमेऱ्यानं काढलं तर चित्र कसं लख्ख! पण मग पडदा तिकडं अन् मी इकडं. मी दिसते का नाही, हे मला कसं कळायचं?"

मोबाइलला दोन डोळे असतात. पडद्याच्या बाजूचा डोळा आपले रूप आपल्यालाच दाखवतो. पण साध्या फोनात तो बहुधा अधू असतो. पाठीचा डोळा तेज, पण त्याच्यासमोर उभे राहिले की फोन आपल्याकडे पाठ करतो. आरसा भिंतीकडे तोंड करून टांगावा आणि त्याच्यापुढे उभे राहून भांग पाडावा, तशी गत होते. तिने विचारली ती यंत्राची अडचण होती. मला मात्र तिच्यामागे कलेतला एक फार जुना प्रश्न उभा दिसला: स्वतःला न पाहता स्वतःला दाखवायचे कसे?

उत्तर देण्यापूर्वी तिच्या दोन चित्रफिती पाहिल्या. दोन्ही कांद्याच्या लागणीच्या.

पहिली पुढच्या कॅमेऱ्याने घेतलेली. साडी ठेवणीतली, केस चोपून बसवलेले, मागे पाणी सोडलेले वाफे. चौकट निर्दोष, चेहरा बरोबर मधोमध. ती बोलत होती माझ्याशी, पण तिचे डोळे मात्र माझ्याकडे नव्हते. ते भिंगाच्या किंचित खाली, पडद्यावरच्या तिच्याच चेहऱ्यावर खिळले होते. चार मिनिटांत तिने बारा वेळा पदर सारखा केला; मी मोजले. रोपाची जुडी हातात होती, पण ती हातात आहे याची तिला आठवण नव्हती. आपल्याशी बोलता बोलता पाहुण्याने आपल्या खांद्यावरून भिंतीवरच्या आरशात डोकावत राहावे, तसे मला वाटले. अशा पाहुण्याचा आपल्याला राग येत नाही, पण थोड्या वेळाने आपण उठून चहा ठेवायला जातो. व्लॉगचा प्रेक्षक तेवढाही थांबत नाही. बोटाच्या एका फटक्यासरशी तो पुढच्या घरी निघून जातो.

आणखी एक मौज सांगण्यासारखी आहे. पुढचा कॅमेरा चित्रण चालू असताना पडद्यावर जे रूप दाखवतो ते आरशासारखे उलटे असते. आपण तसेच स्वतःला ओळखतो, म्हणून यंत्र आपली मर्जी सांभाळते. जगाला आपला भांग उलट्या बाजूला दिसतो. ज्या रूपाकडे पाहून ती बारा वेळा पदर सावरत होती ते रूप तिच्याखेरीज कोणालाच दिसणार नव्हते.

दुसरी चित्रफीत मागच्या कॅमेऱ्याची. कुदळीचा दांडा बांधावर रोवून त्याला रबराने फोन बांधलेला. तांत्रिकदृष्ट्या हे काम परीक्षेत नापास व्हावे असे. ती चौकटीत येते, बाहेर जाते, पुन्हा येते. निम्मा वेळ तिचे डोके कापलेले. पण वाकून रोप लावणारे तिचे हात! डाव्या हातात जुडी, उजव्या हाताचा अंगठा मुळी धरून ओल्या मातीत जातो आणि बाहेर येतो, चार बोटे अंतर, पुन्हा अंगठा. बघता बघता ओळ पुढे सरकते. मध्येच ती मान वर करून भिंगाकडे पाहते आणि सांगते, "लई दाट लावाल तर नुसती गोलटी निघंल बरं का." कांद्याच्या बाजारात बारीक मालाला गोलटी म्हणतात आणि तिला भाव कमी मिळतो, त्या एका वाक्यात एका हंगामाची काळजी होती. आणि ते वाक्य बोलताना तिने सरळ माझ्या डोळ्यांत पाहिले. पडदा नव्हता, म्हणून पाहायला दुसरे काही नव्हतेच!

तिला स्वतःला पहिली चित्रफीत आवडत होती, दुसरीची लाज वाटत होती. मला नेमके उलट वाटले. आमच्या राहुरीला लागूनच १९६८ साली स्थापन झालेले महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. तेथल्या प्रात्यक्षिकाला जाणारा शेतकरी सांगणाऱ्याच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहतो, आणि मग त्याच्या हातांकडे पाहत राहतो. कलम करणाऱ्याचा चाकू कसा फिरतो, यावर त्याची नजर असते. व्लॉगचा खरा पूर्वज सिनेमा की प्रात्यक्षिक, असे कोणी विचारले तर मी प्रात्यक्षिकाच्या बाजूने हात वर करीन.

पडदा न दिसण्याची ही अडचण आजची आहे असे कोणी समजू नये. छायाचित्रणाच्या जन्मापासून ती चालत आली आहे. उलट पडदा दिसणे हीच कालपरवाची चैन आहे. १८३९ साली अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात रॉबर्ट कॉर्नेलियस नावाच्या माणसाने आपले स्वतःचे छायाचित्र घेतले. माणसाच्या अगदी पहिल्या छायाचित्रांत त्याची गणना होते. त्यात कॉर्नेलियस मध्यभागी नाही. तो एका बाजूला सरकला आहे, केस विस्कटलेले आहेत. भिंगाचे झाकण काढायचे आणि पुढे येऊन निश्चल थांबायचे, एवढेच त्याच्या हाती होते. आपण चौकटीत कोठे आहोत हे त्याला दिसत नव्हते. विद्यार्थ्याने असे चित्र काढून आणले तर मी रचनेचे गुण कापीन. परंतु जवळपास दोन शतकांनंतरही तो माणूस आपल्याकडे असा पाहतो की जणू आत्ताच दुकानाबाहेर येऊन उभा राहिला आहे.

आपल्याकडचे उदाहरण तर घरचेच आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आणला हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण १९१७ साली त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हे सांगणारा एक लघुपट काढला आणि त्यात ते स्वतः काम करताना दिसतात, हे फार जणांना ठाऊक नसते. त्याचे काही तुकडे आज उपलब्ध आहेत. आपला धंदा कसा चालतो हे स्वतःच कॅमेऱ्यासमोर येऊन दाखवणारा हा त्र्यंबकेश्वरचा गृहस्थ म्हणजे मराठीतला पहिला व्लॉगकार, असे मी म्हटले तर त्यात अतिशयोक्ती थोडी आणि सत्य बरेच निघेल. त्या काळच्या कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवावा लागे. दादासाहेब समोर आले की दांडा दुसऱ्याच्या हाती. आपण कसे दिसलो हे फिल्म धुतल्यावर कळायचे. फिल्मला भोके पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरात अंधार करून करीत. म्हणजे दादासाहेबांचा आरसा रात्री उघडे, काम संपल्यावर.

चार्ली चॅप्लिनचीही तीच रीत होती. १९८३ साली त्याच्या न वापरलेल्या चित्रफितींवरून एक माहितीपट तयार झाला. त्यात दिसते की हा मनुष्य तालमीसुद्धा कॅमेऱ्यासमोर करी, त्या पडद्यावर पाही, आणि दुसऱ्या दिवशी तोच विनोद पुन्हा घडवी. काम करताना मात्र त्याची नजर टोपीवर, काठीवर, समोरच्या पोलिसावर. आपल्या शांतारामबापूंनी १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मध्ये दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका दोन्ही पेलल्या, तेव्हाही दृश्य चालू असताना स्वतःला पाहण्याची सोय त्यांना नव्हती. ती सोय हॉलीवूडमध्ये जेरी लुईस या विनोदी नटाने पुढे आणली. १९६० साली 'द बेलबॉय' करताना त्याने कॅमेऱ्याला दूरचित्रवाणीचे यंत्र जोडले, म्हणजे आपलेच काम आपल्याला लगेच पाहता यावे. तेच यंत्र आकसत आकसत आज आपल्या तळहातावर येऊन बसले आहे.

आणि यूट्यूबवर चढवलेली अगदी पहिली चित्रफीत? २३ एप्रिल २००५ ची, एकोणीस सेकंदांची. तीत यूट्यूबच्या संस्थापकांपैकी एक, जावेद करीम, प्राणिसंग्रहालयात हत्तींपुढे उभा राहून त्यांच्या सोंडांविषयी दोन शब्द बोलतो. कॅमेरा त्याच्या मित्राच्या हातात होता. म्हणजे या साऱ्या पसाऱ्याचा श्रीगणेशाही पडदा न पाहताच झाला आहे!

हे सगळे एवढ्यासाठी सांगितले की पडद्याचे नसणे हे वैगुण्य आहे, हा समज आधी दूर व्हावा. आपल्या परंपरेत तर स्वतःला न पाहता लोकांपुढे उभे राहण्याचीच सवय आहे. नटाचा आरसा रंगपटात असतो. तेथे तो हवा तितका वेळ स्वतःला न्याहाळतो, मिशी चिकटवतो, भुवई रेखतो. एकदा विंगेतून बाहेर आला की त्याचा आरसा म्हणजे समोरचा प्रेक्षक. कीर्तनकार झांजेच्या ठेक्यावर पुढे येतात, मागे जातात; आपले उपरणे कसे दिसते ते त्यांना दिसत नाही, पण तिसऱ्या रांगेतली म्हातारी डोळे पुसते आहे की पेंगते आहे ते बरोबर दिसते. त्यावरून ते आख्यान लांबवतात वा आवरते घेतात. मास्तराचेही तेच. चाळीस मुलांपुढे उभा असताना मला माझा शर्ट दिसत नाही. मला कोणाला समजलेले नाही ते दिसते. मोबाइलच्या पडद्याने रंगपटातला आरसा उचलून रंगमंचाच्या कडेला आणून ठेवला आहे, ही माझी मूळ तक्रार.

माझ्या म्हणण्याला आमच्याच जिल्ह्यातला दाखला आहे. नगरजवळच्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे या आजींचे 'आपली आजी' हे चॅनेल २०२० साली सुरू झाले आणि लाखो लोकांनी ते पाहिले. कॅमेरा नातवाकडे, आजी कढईपाशी. त्यांच्या यशाची चर्चा करताना लोक मसाल्याचे आणि गावरान चवीचे नाव घेतात. ते बरोबरच आहे. माझ्यासारख्या चित्रकला शिकवणाऱ्याला मात्र तेथे आणखी एक गोष्ट दिसते. आजींचे लक्ष फोडणीवर असते. मोहरी तडतडली की नाही याकडे पाहणारा माणूस आपण कसे दिसतो याकडे पाहू शकत नाही, आणि म्हणूनच तो पाहावासा वाटतो. वर मान करून त्या बोलतात तेव्हा पुढे नातू असतो. त्या नातवाशी बोलतात आणि आपल्याला वाटते, आपल्याशीच बोलल्या. लक्षावधी प्रेक्षकांशी बोलण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी ठाऊक नाही: एकाशी बोलावे.

आता दुसरी बाजू. माझ्या विद्यार्थिनीला कॅमेरा धरायला नातू नाही. तिचा नवरा दिवसभर उसाच्या पाण्यामागे, मुले शाळेत. जी बाई एकटी आहे तिला पडद्यावर आपला चेहरा दिसला तर धीर येतो, हे खरे आहे. शिवाय, तिनेच पुढे सांगितले ते मी विसरू शकत नाही. "सर, लग्नाच्या अल्बममध्ये मी खाली बघतेय. नंतर माझा फोटोच नाही कुठं. या फोनमध्ये मी पहिल्यांदा मला बोलताना पाहिलं." ज्यांना जन्मभर कोणी निवांत पाहिले नाही, त्यांनी चार दिवस स्वतःला पाहिले तर त्यांना आत्मप्रेमी म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो बारा वेळा सावरलेला पदरही मग मला निराळा दिसू लागला. गावात, भावकीत, सासऱ्यांच्या फोनवर हे चित्र जाणार. पदर ढळला तर बोल कोणाला लागणार? पुरुष व्लॉगकार टोपी सारखी करतो ती हौसेने. टीकाकाराने मोजताना हाही हिशेब ठेवायला हवा होता. मी तो नंतर ठेवला.

तसेच, ज्यांना पडदा कधीच दिसत नाही त्यांचेही ऐकले पाहिजे. अमेरिकेत टॉमी एडिसन नावाचे जन्मांध गृहस्थ आहेत. त्यांनी यूट्यूबवर चक्क चित्रपटांची परीक्षणे केली. न पाहता सिनेमाचे परीक्षण! पण संवाद, आवाज आणि शांतता यांवरून किती गोष्ट कळते हे ते हसत हसत सांगत. अंध व्यक्तींच्या सोयीसाठी काही फोनांत अशी व्यवस्था असते की चौकटीत किती चेहरे आहेत आणि ते कोठे आहेत हे फोन स्वतः बोलून सांगतो. म्हणजे पडदा न दिसणाऱ्याने चित्रण करू नये, असे यंत्रसुद्धा म्हणत नाही.

मग करायचे काय? मी तिला चार गोष्टी सांगितल्या. वाचकांपैकी कोणाच्या घरी असा कारखाना चालू असेल तर त्यांनाही उपयोगी पडतील.

पहिली गोष्ट, चौकट आधी जमिनीवर आखावी. फोन जागेवर पक्का करावा, पडद्यात पाहून चौकटीची डावी आणि उजवी कड कोठे येते ते हेरावे आणि तेथे रांगोळीची एकेक रेघ ओढावी. त्या दोन रेघांच्या आत वावरले की बाजूने कापले जाण्याचे भय उरत नाही. डोक्यासाठी आपल्या उंचीची काठी उभी करून पाहावी आणि वर चार बोटे मोकळी सोडावीत. वाकून करायचे काम असेल तर फोनच खाली आणावा. दुसरी गोष्ट, आपण जेथे बसणार तेथे आधी पाटी किंवा घागर ठेवावी, पडद्यावर तिच्यावर बोट दाबून धरावे. पुष्कळ फोनांत त्यामुळे भिंगाची नजर आणि उजेड त्या अंतरावर कायम होतो. नाहीतर यंत्र आपल्याला सोडून मागच्या लिंबाच्या झाडावर नजर लावते आणि झाडाचे पान न् पान स्पष्ट, माणूस पुसट, असे होते. तिसरी, सूर्य आपल्या पाठीशी नको. तो फोनच्या पाठीशी असावा. आणि चौथी, अर्ध्या मिनिटाचा नमुना घेऊन पाहावा आणि मगच कामाला लागावे. चित्रकार मुख्य चित्राआधी कच्चे रेखाटन करतो, तसेच हे. काही जण फोनच्या मागे लहान आरसा लावून पडदा पाहतात. पडदा पुढे वळवता येणारे महाग कॅमेरेही मिळतात. ज्याला परवडते त्याने घ्यावेत. नमुना पाहण्यासाठी ते उत्तमच. काम सुरू झाले की तोही पडदा मिटावा, एवढेच माझे म्हणणे.

हे सारे मी मोठ्या अधिकाराने सांगितले खरे. पण हा अधिकार मला कोठून आला ते तिला सांगितले नाही. येथे सांगतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि जूनपासून आम्हा मास्तरांना घरून शिकवण्याची पाळी आली. माझ्या फोनचा पुढचा डोळा पडून तडकलेला होता, उरला मागचा. पिठाच्या डब्यावर चार पुस्तके रचून मी फोन टेकवला, पाठमोऱ्या आरशापुढे बसलो आणि वस्तुचित्राचा पाठ घेतला. तांब्याचे तोंड वर्तुळाकार असले तरी समोरून पाहताना ते चपटे, लंबगोल दिसते, हे मुलांना समजावून द्यायचे होते. वीस मिनिटे बोललो. मग फोन उलटा करून पाहिले तो काय, मी नाकाच्या वर कापलेला! फळा अर्धा. आणि डाव्या अंगाला, मला कल्पनाही नसताना, उंबऱ्यापाशी बसलेली माझी आई संबंध पाठभर चौकटीत आलेली.

ती बाजरी निवडत होती. आई शाळेत गेलेली नव्हती. पहिली पाच-सात मिनिटे ती खडे वेचते. मग तिचे हात थांबतात. ती फळ्याकडे पाहते, स्वयंपाकघरातल्या तांब्याकडे पाहते, आणि सुपातल्या बाजरीवर बोटाने हळूच एक लंबगोल काढते. मनासारखा होत नाही. हात फिरवून पुसते, पुन्हा काढते. चौथ्या-पाचव्या खेपेस तो बरोबर जमतो. मान किंचित कलती करून ती त्याच्याकडे पाहते, आणि मग सूप पाखडते.

पुन्हा चित्रण करायला वेळ नव्हता म्हणून तीच चित्रफीत मी मुलांना पाठवली. दुसऱ्या दिवशी मुलांनी पाठाविषयी एक अक्षर विचारले नाही, सगळ्यांचा एकच प्रश्न, "सर, आजी काय काढत होत्या?" मला ओशाळल्यासारखे झाले. मी आईला म्हटले, "आई, मी शिकवत असताना तू आत बसत जा, मागं दिसतेस." ती म्हणाली, "बरं," आणि सूप उचलून आत गेली. त्या दिवसापासून मी जमिनीवर खुणा केल्या, काठी लावून उंची मोजली, नमुना पाहू लागलो. वर तिला सांगितलेल्या चारही युक्त्या तेव्हाच्या आहेत.

आई २०२१ साली गेली. तिचे चालतेबोलते चित्र माझ्यापाशी तेवढे एकच आहे. त्यानंतरच्या माझ्या सगळ्या चित्रफिती चांगल्या उतरल्या आहेत. त्यांत मी मधोमध आहे.

पहिल्याच दिवशी मला पडदा दिसत असता तर मी काय केले असते, हे मला पक्के ठाऊक आहे. पाठ थांबवून आईला उठवले असते. म्हणून विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर देताना माझी जीभ अडखळली होती. चौकट आखावी हे खरेच. प्रेक्षकाला अर्धे डोके दाखवणे हा काही कलेचा गुण नव्हे. पण चौकट आखताना तिच्यातून कोणाला बाहेर काढतो आहोत, एवढे एकदा पाहून घ्यावे. त्याला पडदा लागत नाही, नुसते मागे वळून पाहावे लागते.

"मग सर, दुसरा व्लॉग टाकू का?" निघताना तिने विचारले होते.

"टाक," मी म्हटले, "आणि पुढचा करशील तेव्हा रांगोळीची रेघ जरा लांब ओढ. तुझ्या सासूबाई बांधावर जुड्या बांधत बसतात म्हणालीस ना? त्यांना विचार, आणि चालत असेल तर त्या येतील इतकी."

यंदा तिची नवी चित्रफीत आली आहे. सासूबाई एका कडेला, डोक्यावर पदर, तोंडाने सुनेच्या चुका काढीत जुड्या बांधताहेत. सून रोप लावते आहे आणि मध्येच हसून भिंगाकडे पाहते आहे. शाळेत असताना माणसाला डोळे काढायला विसरणारी हीच का ती मुलगी, असे मला वाटले.

वाचकहो, या दिवाळीत घरी एक करून पाहा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी, घरच्यांना सांगून, फोन कोनाड्यात उभा करा. त्याचा पडदा भिंतीकडे वळवा आणि पाठ घराकडे. चालू करून ठेवा आणि आपापल्या कामाला लागा. पणत्या लागतील, कोणी करंजी पळवील, कोणी रागावेल. कोण कसे दिसले ते तुळशीच्या लग्नापर्यंत पाहू नका. घाई कसली आहे?